जोसेफिन सियाओ फाँग-फाँग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कोण? नाव कधी ऐकलेलं नाही.

जेट लीचा 'फाँग साय-युक' टीव्हीवर किंवा सीडीवर पाहिला असेल, तर तुम्ही तिला पाहिलंय. नायकाची आई, पुरुषवेष चढवून मारामारीला उतरणारी, नवऱ्यासमोर मात्र जीभ चावणारी, ती हीच. हाँगकाँगमध्ये तिची ओळख या एका भूमिकेपुरती नाही. १९५० च्या दशकात बालकलाकार, १९६० च्या दशकात कँटनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेतल्या, सिनेमाच्या दोन सर्वांत मोठ्या तरुण तारकांपैकी एक, १९७० च्या दशकात निर्माती आणि सहदिग्दर्शिका, आणि १९९५ मध्ये बर्लिन महोत्सवात 'समर स्नो' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल जिंकणारी चाळिशी ओलांडलेली बाई. एवढ्या अवस्था एकाच कारकिर्दीत क्वचित सापडतात.

माझं तिच्याबद्दल एक ठाम मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. हाँगकाँगच्या कँटनीज सिनेमाचा इतिहास वाचायचा तर तिची कारकीर्द वाचावी. तो सिनेमा वर आला तेव्हा ती वर होती, तो संपला तेव्हा ती निघून गेली, आणि तो परत उभा राहिला तेव्हा उभा करणाऱ्यांत तीही होती. तेही देखणी नायिका म्हणून नव्हे.

तिचं नाव इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं का दिसतं?

सियाओ हे आडनाव, फाँग-फाँग हे पडद्यावरचं नाव, जोसेफिन हे इंग्रजी नाव. कँटनीज उच्चार 'सिउ'च्या जवळ जातो, मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, 'श्याओ'. शोधताना तिन्ही करून पाहा. हाँगकाँगमध्ये मात्र नुसतं फाँग-फाँग म्हटलं की पुरतं, म्हणून पुढे मीही तसंच म्हणणार आहे.

ती मूळची कँटनीज बोलणाऱ्या घरातली का?

नाही, आणि तिच्या बाबतीतली मला सर्वांत मजेशीर वाटणारी गोष्ट हीच. तिचा जन्म मार्च १९४७ मध्ये शांघायचा. १९४९ च्या सुमारास चीनमध्ये सत्तापालट झाला तेव्हा शांघायहून जी असंख्य कुटुंबं हाँगकाँगला आली, त्यांतलंच हे एक. वडील लवकर गेले. घर आईच्या अंगावर पडलं आणि थोड्याच वर्षांत मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. सुरुवातीचे चित्रपट मँडरिनमधले होते, कारण शांघायहून आलेल्या निर्मात्यांची आणि तंत्रज्ञांची भाषा ती होती. कँटनीज सिनेमाची लाडकी ती नंतर झाली. ज्या भाषेने तिला डोक्यावर घेतलं ती तिला घरातून नव्हे, हाँगकाँगच्या रस्त्यावर आणि सेटवर मिळाली.

बालकलाकार म्हणून खरंच गाजली होती की आता मागे वळून तसं म्हटलं जातं?

खरंच गाजली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात आग्नेय आशियाई चित्रपट महोत्सवात तिला बालकलाकाराचं पारितोषिक मिळालं. १९६० च्या 'नोबडीज चाइल्ड'मध्ये, जो एका फ्रेंच कादंबरीवर बेतलेला होता, ती घरदार हरवून भटकणारं पोर आहे. जगात आईसारखं कोणी नाही अशा अर्थाचं जे बालगीत चिनी भाषक जगात पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं, ते याच चित्रपटातलं, पडद्यावर तिच्या तोंडी असलेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका तैवानी चित्रपटाने तेच गाणं पुन्हा घराघरांत नेलं. ते गुणगुणणाऱ्या बहुतेकांना ते आधी कोणी म्हटलं याचा पत्ता नसतो.

या सगळ्यात शाळा अशी धड झालीच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मोठा निर्णय इथूनच निघतो.

कँटनीज सिनेमा म्हणजे हाँगकाँगचा सिनेमाच ना? वेगळं नाव कशाला?

कारण हाँगकाँगमध्ये दोन सिनेमे शेजारी शेजारी राहत होते. शहरातले बहुसंख्य लोक कँटनीज बोलत. पण शॉ ब्रदर्ससारख्या बड्या स्टुडिओंचा पैसा मँडरिनमध्ये होता. तैवान आणि आग्नेय आशियातले चिनी प्रेक्षक त्यांना हवे होते, म्हणून रंग, रुंद पडदा, भव्य सेट हे सगळं मँडरिनच्या वाट्याला. कँटनीज चित्रपट बहुतांशी कृष्णधवल, कमी पैशांतले आणि झटपट उरकलेले. आठवड्याभरात चित्रीकरण संपवलेल्या चित्रपटांना तिथे 'सात दिवसांचा ताजा माल' अशा अर्थाचं नाव पडलं होतं.

संख्या मात्र प्रचंड होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षी दोनशेहून अधिक कँटनीज चित्रपट निघाले, तेही एका शहरातून. त्यांत कँटनीज ऑपेराचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक संगीत नाटकांचे, चित्रपट, कौटुंबिक रडकथा, विनोदी चित्रपट, तलवारबाजी असं सगळं होतं. दर्जा वरखाली, पण शहराचं बोलणं, चेष्टा, भांडणं, भाड्याच्या खोलीतली तंगी हे सगळं त्यातच दिसतं. स्टुडिओचा झगमगाट हवा तर मँडरिन बघावं, शहर हवं तर कँटनीज.

१९६० च्या दशकात ती नेमकं काय करत होती?

सगळंच. तलवार घेऊन उडत होती, गात होती, नाचत होती, रडत होती. बॅले शिकली होती. उत्तरी शैलीच्या ऑपेराचं आणि कसरतीचं शिक्षण तिने मादाम फन गुक-फा यांच्याकडे घेतलं होतं. तलवारबाजीच्या चित्रपटांत हे अंग कामी येई, कारण हातपाय कसे टाकायचे हे तिला खरोखर ठाऊक होतं. दशकाच्या मध्यात सात तरुण अभिनेत्रींनी मिळून 'सात राजकन्या' नावाचा गट केला. त्यात ती होती, कॉनी चॅन पो-चू होती, नॅन्सी सिट होती आणि सगळ्यांत धाकटी फुंग बो-बो होती.

मग आले तरुणांचे संगीतपट. गिटार, आखूड झगे, पाश्चात्त्य चाली, पार्ट्या. हे चित्रपट आज बघताना कथेसाठी बघू नयेत, कथा नसतेच. कपडे, फर्निचर आणि नाच बघावेत. गिरण्या आणि कारखाने भराभर उभे राहत होते, खेड्यातून आणि गल्ल्यांतून आलेल्या मुली पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून तिकीट काढत होत्या, आणि पडद्यावर त्यांच्याच वयाची मुलगी मजा करत होती.

फाँग-फाँग आणि पो-चू यांच्यात भांडण होतं का?

भांडण चाहत्यांचं होतं. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, अनेक चित्रपटांत एकत्र काम केलेल्या. पण चाहत्यांनी, आणि विशेषतः कारखान्यांतल्या मुलींनी, स्वतःला दोन गोटांत वाटून घेतलं. तू फाँग-फाँगची की पो-चूची, यावरून मैत्रिणी अबोला धरत.

दोघींचा ढंग वेगळा. पो-चू ऑपेराच्या परंपरेतली, यम किम-फाई या पुरुष भूमिका करणाऱ्या दिग्गज अभिनेत्रीची शिष्या. पुरुषवेषात ती अशी शोभे की नायिका फाँग-फाँग आणि नायक पो-चू अशा जोड्याही लोकांनी डोक्यावर घेतल्या. एकीकडे पो-चूची परंपरा आणि दुसरीकडे फाँग-फाँगचा शहरी, पाश्चात्त्य वळणाचा चटपटीतपणा. लोकप्रियतेत पो-चू बहुधा पुढेच होती, हे फाँग-फाँगच्या चाहत्यांना आजही पटणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पो-चूने चित्रपट सोडला आणि अनेक वर्षांनी रंगभूमीवर परतली. फाँग-फाँगने दुसरा रस्ता धरला.

त्या काळातलं तिचं आज बघण्यासारखं काय आहे?

दिग्दर्शक लुंग काँगचे चित्रपट. गाण्यांच्या आणि तलवारींच्या गर्दीत हा माणूस सामाजिक प्रश्नांना हात घालत होता. 'विंडो' (१९६८) मध्ये ती आंधळी मुलगी आहे आणि पॅट्रिक त्से हा गुन्हेगारीत अडकलेला तरुण. कथा सांगायला घेतली तर मेलोड्रामा वाटेल, आणि आहेच. पण तिने त्या मुलीला दयेची वस्तू होऊ दिलेलं नाही.

त्याहून सरस 'टेडी गर्ल्स' (१९६९). सुधारगृहात पाठवलेल्या मुलींची गोष्ट. फाँग-फाँग इथे रागीट आहे, आणि तो राग सुंदर दिसावा म्हणून ती काहीच करत नाही. आईवर राग, आईच्या माणसावर राग, संस्थेवर राग. चाहत्यांच्या लाडक्या मुलीने हे करणं सोपं नव्हतं. शेवटाकडे चित्रपट उपदेशाला लागतो, पण तिचा चेहरा उपदेश करत नाही. पुढच्या फाँग-फाँगची चाहूल मला इथे पहिल्यांदा लागते.

मग कँटनीज सिनेमा अचानक संपला कसा?

अचानक नाही, पण भराभर. एकतर फार चित्रपट निघाले आणि फार सारखे निघाले. दुसरं, मँडरिन सिनेमा रंगीत आणि दणकेबाज झाला, नव्या तलवारपटांनी तरुण पुरुष प्रेक्षक ओढून नेला. आणि तिसरं, नोव्हेंबर १९६७ मध्ये टीव्हीबी ही विनामूल्य वाहिनी सुरू झाली, कँटनीजमध्ये. घरबसल्या फुकटात आपल्या भाषेतली करमणूक मिळायला लागल्यावर तेच कृष्णधवल चित्र बघायला तिकीट कोण काढणार? १९७२ साल येईतो कँटनीज चित्रपट जवळपास शून्यावर आले. दहा वर्षांपूर्वी दोनशे, आणि आता शून्य.

गंमत म्हणजे पुनर्जन्मही टीव्हीनेच घडवला. १९७३ मध्ये चॉर युएनने 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' कँटनीजमध्ये केला, टीव्हीबीचे ओळखीचे चेहरे घेऊन. एका चाळवजा इमारतीतल्या भाडेकरूंची ही फार्स. त्या वर्षी हाँगकाँगमधल्या कमाईत तिने ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'लाही मागे टाकलं. पुढच्याच वर्षी टीव्हीवरून आलेल्या मायकेल हुईचे विनोदी चित्रपट सुरू झाले आणि कँटनीज परत आली ती कायमची.

या पडझडीत फाँग-फाँग कुठे होती?

वर्गात. १९७० च्या सुमारास ती अमेरिकेला गेली आणि न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठात दाखल झाली. विषय संज्ञापन आणि जोडीला आशियाई अभ्यास. लहानपणी शाळा बुडालेली, वय तेवीसच्या आसपास, घरी लोक ओळखतात आणि इथे कोणी ओळखत नाही. पदवी घेऊनच परतली.

अनेक लेखांत हे 'ब्रेक घेतला' अशा दोन शब्दांत उरकलेलं असतं. मला ते पटत नाही. तिच्या पिढीतल्या बहुतेक तारकांपुढे लग्न, निवृत्ती किंवा मँडरिन चित्रपटांत दुय्यम भूमिका एवढेच रस्ते होते. परतल्यावर तिनेही काही काळ मँडरिन चित्रपटांत काम केलं. पण आता तिला कॅमेऱ्यामागे काय चालतं हे कळत होतं आणि तिथे जायची हिंमत होती.

'जंपिंग ॲश'ला एवढं महत्त्व का देतात?

१९७६ चा हा पोलिसपट तिने लिऑंग पो-ची याच्याबरोबर सहदिग्दर्शित केला. विषय अमली पदार्थांचा व्यापार. स्टुडिओत खोटे रस्ते उभारण्याऐवजी कॅमेरा हाँगकाँगच्या खऱ्या रस्त्यांवर नेला, संकलन वेगवान ठेवलं, पोलिसाला देवमाणूस केलं नाही. 'हाँगकाँग न्यू वेव्ह' म्हणून नव्या दिग्दर्शकांची जी लाट ओळखली जाते ती १९७८-७९ मध्ये सुरू झाली. ॲन हुई, त्सुई हार्क, यिम हो, ॲलेक्स चुंग ही त्यातली नावं. 'जंपिंग ॲश' त्याआधीचा, म्हणून त्याला नांदी म्हणतात. आज तो थोडा खडबडीत वाटेल. पण कालची गाणारी राजकन्या सहा-सात वर्षांत इथवर आली होती, हे विसरू नका.

लाम आ-चुन कोण?

तिच्या कारकिर्दीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची भूमिका. होय, 'समर स्नो'पेक्षाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आधी टीव्हीवर आणि मग १९७८ मध्ये चित्रपटात, तिने हे पात्र उभं केलं. जाड चष्मा, बावळट केस, चुकीच्या वेळी चुकीचं बोलणारी, पण मनाने सरळ अशी सामान्य हाँगकाँगी मुलगी. नोकरीसाठी वणवण करणारी, गोंधळ घालणारी. ज्या बाईला पंधरा वर्षं देखणी म्हणून पाहिलं गेलं तिने स्वतःहून हा अवतार घेतला. आणि लोकांनी तिला नुसतं स्वीकारलं नाही, ते आ-चुनच्या प्रेमात पडले.

हा विनोद कँटनीज भाषेशिवाय शक्यच नव्हता. मँडरिन सिनेमातल्या नायिका आदर्श बोलत. आ-चुन बस स्टॉपवर ऐकू येतं तसं बोलते. १९८२ मध्ये याच पात्रावर 'प्लेन जेन टू द रेस्क्यू' आला. दिग्दर्शक जॉन वू, तोच, जो पुढे दोन्ही हातांत पिस्तुलं आणि उडती कबुतरं यांसाठी जगप्रसिद्ध झाला. इथे तो सरळ सरळ खुळचट विनोद करतोय. चित्रपट विस्कळीत आहे, पण तिच्यासाठी एकदा बघाच.

ॲन हुईबरोबरचं तिचं काम 'समर स्नो'पासून सुरू होतं ना?

पंधरा वर्षं आधीपासून. १९८० चा 'द स्पूकी बंच' ॲन हुईने दिग्दर्शित केला आणि फाँग-फाँगच्या कंपनीने काढला. चंग चाऊ बेटावर खेळ करायला गेलेली कँटनीज ऑपेराची एक रडतखडत चालणारी मंडळी, आणि त्यांच्या मानगुटीवर बसलेली भुतं. फाँग-फाँग त्या मंडळीतली दुय्यम नटी आहे. भीती आणि हसू एकाच दृश्यात, आणि मधेच जुन्या पापाचा हिशेब. तेव्हा ॲन हुईचा हा दुसराच चित्रपट. नव्या दिग्दर्शिकेवर पैसे लावणारी निर्माती म्हणून फाँग-फाँगचं नाव घ्यायला लोक विसरतात.

१९८० च्या दशकात ती दिसेनाशी का होते?

दिसते, पण तुरळक. १९८७ च्या 'द राँग कपल्स'मध्ये रिचर्ड इंगबरोबर, लग्नाचं वय उलटून गेलेल्या दोन जिवांच्या कुरबुरीची ही विनोदी गोष्ट. तिच्यासाठी तिला हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मधल्या वर्षांत संसार, मुली, काही काळ ऑस्ट्रेलिया. खासगी आयुष्याबद्दल यापेक्षा जास्त विचारणारे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं या पानावर मिळणार नाहीत.

'फाँग साय-युक'मधली आई एवढी लोकांच्या लक्षात का राहते?

१९९३ साल. दिग्दर्शक कोरी युएन, नायक जेट ली, आणि ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याची आई म्यू चुई-फा. मारामारीच्या चित्रपटांत आई म्हणजे डोळे पुसायला किंवा मरायला. ही आई पोराला लढायला शिकवणारी, त्याच्यापेक्षा जास्त खोडकर. पोरगा मुलीसाठी लावलेल्या पैजेच्या लढतीत मुद्दाम हरतो. घराण्याची अब्रू गेली म्हणून ही बाई पुरुषवेषात, त्याचा थोरला भाऊ बनून मैदानात उतरते आणि जिंकते. वर ज्या बाईशी लढली ती बाई हिच्याच प्रेमात पडते. त्या बाईचं काम सिबेल हू हिने केलंय.

त्या प्रसंगात नुसता हशा असता तर तो विसरला गेला असता. समोरच्या स्त्रीचं प्रेम खरं आहे हे कळतं तेव्हा फाँग-फाँगचा चेहरा क्षणभर गंभीर होतो, आणि तो प्रसंग एकदम दुसऱ्याच उंचीवर जातो. १९६० च्या दशकातली कसरत, पो-चूबरोबरच्या चित्रपटांतला पुरुषवेषाचा खेळ, आ-चुनचा विनोद, सगळं एकाच भूमिकेत वापरलेलं आहे. जेट लीच्या चाहत्यांनी रागावू नये, पण तो चित्रपट तिने पळवलाय.

'समर स्नो' कशाबद्दल आहे?

मे ही चाळिशीतली नोकरदार बाई, हीच फाँग-फाँगची भूमिका. टॉयलेट पेपरच्या व्यापारात काम करते. कार्यालयात संगणक जाणणारी नवी पोरगी आलीय, घरी नवरा आणि वाढत्या वयाचा मुलगा. सासू अचानक जाते आणि मागे उरतो सासरा. तरुणपणी लढाऊ वैमानिक होता, आता अल्झायमरने ग्रासलाय. सुनेशी त्याचं कधी पटलं नव्हतं. आता तिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

चित्रपट सुरू होतो मासळी बाजारात. जिवंत मासा महाग, मेलेला स्वस्त. मे त्या माशाच्या मरणाची वाट बघत उभी राहते आणि मग हळूच त्याला चापट मारून घाई करते. पुढे दीड-दोन तास ती काय करणार आहे ते सगळं तिथे सांगून झालेलं असतं. काटकसर, चिवटपणा, थोडा अप्पलपोटेपणा, आणि चेहऱ्यावर त्याचं काहीच नाही.

ॲन हुई या कथेला रडकथा होऊ देत नाही. सासऱ्याने घातलेल्या गोंधळावर तुम्ही हसता, आणि हसताना शरमता. सासऱ्याच्या भूमिकेतला रॉय च्याओ तुम्हाला ओळखीचा वाटेल. 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'च्या सुरुवातीला शांघायच्या क्लबातला खलनायक लाओ चे तोच. नवऱ्याचं काम लॉ कार-यिंग याचं. मूळचा कँटनीज ऑपेराचा नट, आणि इथे असा साधा, थकलेला, बायकोला मदत करावी की न करावी अशा घोळात अडकलेला माणूस की त्याचा राग येता येता येत नाही.

फाँग-फाँगचं काम बघताना तिचे हात बघा. ती बोलते तेव्हाही काहीतरी करत असते. भाजी निवडते, पिशव्या उचलते, सासऱ्याची बटणं लावते, फोन खांद्यात धरते. एकदा कधीतरी हात थांबतात, आणि त्या वेळी तिला रडू येतं. मोठा हंबरडा नाही. अशा बायकांना रडायला वेळ लागतो आणि रडून झाल्यावर स्वयंपाक असतो.

या चित्रपटासाठी काय काय मिळालं?

१९९५ मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल, त्याच वर्षी तैवानचा गोल्डन हॉर्स, आणि १९९६ मध्ये हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. त्या सोहळ्यात चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि सहायक अभिनेता हे पुरस्कारही 'समर स्नो'नेच नेले. १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला एमबीई हा किताब दिला. २००९ मध्ये हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्सचा जीवनगौरव.

बर्लिनला जिंकणारी ती हाँगकाँगची पहिली अभिनेत्री का?

नाही. तीन वर्षं आधी, १९९२ मध्ये, मॅगी चुंगने 'सेंटर स्टेज'साठी तेच रौप्य अस्वल जिंकलं होतं. दोघींची तुलना हमखास होते आणि ती मला निरुपयोगी वाटते. मॅगी सौंदर्यस्पर्धेतून आली आणि चित्रपटामागून चित्रपट करत शिकली, आपल्याला ते शिकणं दिसत गेलं. फाँग-फाँग समज यायच्या आधीच व्यवसायात होती, तिला शिकलेलं बरंचसं विसरावं लागलं. तुलनाच करायची तर डीनी इप हिच्याशी करा. २०११ मध्ये ॲन हुईच्याच 'अ सिंपल लाइफ'मधल्या म्हाताऱ्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी तिला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट म्हातारपण आणि सेवा यांवरचे, आणि दोन्हीत सेवा करणारा मनुष्य संत नाही.

तिला ऐकू येत नव्हतं हे खरं का?

खरं. उजवा कान लहानपणापासूनच कामातून गेलेला. पुढे डावाही खालावत गेला आणि १९९० च्या दशकात काम करताना ही अडचण मोठी होती. 'समर स्नो'सारख्या चित्रपटात, जिथे संवाद एकमेकांवर आदळतात आणि घरात सगळे एकदम बोलतात, तिथे सहकलाकाराच्या ओठांकडे बघत वेळ साधायची म्हणजे काय हे कल्पनेनेच समजून घ्यावं लागेल. पडद्यावर ती ज्या एकाग्रतेने समोरच्याकडे बघते त्यात या अडचणीचाही वाटा असावा, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, त्याला जास्त ताणू नका.

'समर स्नो'नंतर काय?

१९९६ चा 'हू-दू-मेन', दिग्दर्शक शू केई. कँटनीज ऑपेरात पुरुष भूमिका करणारी एक नावाजलेली नटी, ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करायचं की मंचावर राहायचं या पेचात. हाँगकाँग चीनकडे जायला वर्षच उरलं होतं, तेव्हा घराघरात हाच पेच होता. शीर्षकातला शब्द ऑपेराच्या लोकांचा. पडद्यामागून मंचावर येताना ओलांडायची जी अदृश्य रेघ, ती. ती ओलांडली की घरचं सगळं मागे ठेवायचं. मला हा चित्रपट 'समर स्नो'इतकाच आवडतो. ॲनिता युएन त्यात छान आहे, आणि फाँग-फाँग पुरुषवेषात मंचावर उभी राहते तेव्हा पो-चूच्या चाहत्यांचीही आठवण येते.

मग चित्रपट का सोडला?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ती पडद्यापासून दूर झाली. ऐकण्याचा त्रास होताच, पण दुसरं काम आधीच ठरलं होतं. तिने बाल मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि १९९९ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केलं. शाळांमध्ये जाऊन मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल, नको त्या स्पर्शाबद्दल स्पष्ट भाषेत सांगायचं, हे त्याचं मुख्य काम. त्या काळी हाँगकाँगमध्येही हा विषय घरात कुजबुजत बोलला जाई. लहानपणीच कामाला जुंपल्या गेलेल्या मुलीने मोठेपणी मुलांसाठी काम करावं यात लोक काव्य शोधतात. मला त्यात शिस्त दिसते. विषय शिकायचा, पदवी घ्यायची, मग काम करायचं. सेटन हॉलला जाताना तिने हेच केलं होतं.

जुने चित्रपट शिल्लक आहेत का?

बरेच गेले. कँटनीज चित्रपटांच्या प्रती जपून ठेवायचा कोणी विचार केला नव्हता, त्या झिजल्या किंवा फेकल्या गेल्या. साय वान हो भागातलं हाँगकाँग फिल्म आर्काइव्ह २००१ मध्ये आपल्या इमारतीत सुरू झालं आणि तेव्हापासून जे सापडेल ते गोळा करून, दुरुस्त करून दाखवलं जातं. तिच्या नावावर शंभराहून कितीतरी अधिक चित्रपट आहेत, त्यातला मोठा भाग आज फक्त जाहिरातींत आणि पुस्तिकांत उरलाय.

कुठून सुरुवात करू?

'समर स्नो'पासून नको. तो आधी पाहिला तर बाकीची फाँग-फाँग त्याच्या उजेडात फिकी वाटते. 'फाँग साय-युक'ने सुरू करा, घरातल्या पोरांसोबत बघता येतो. मग 'टेडी गर्ल्स', म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीची तीच बाई कशी होती ते कळेल. मग 'द स्पूकी बंच', 'समर स्नो', आणि शेवटी 'हू-दू-मेन'. आ-चुनचे चित्रपट आवडले तर आवडले. भाषेची गंमत सबटायटल्समध्ये निम्मी सांडते.

डबिंग चालेल का?

'फाँग साय-युक'चं हिंदी किंवा इंग्रजी डबिंग मिळालं तर मारामारीपुरतं चालेल. बाकी कुठेही नाही. आणि चकतीवर किंवा ऑनलाइन दोन चिनी ध्वनिपट्ट्या दिसल्या तर मँडरिन निवडू नका. अनेकदा तीच आधी लावलेली असते, बदलावी लागते. 'समर स्नो'मध्ये बाजारातला कोळी, कार्यालयातला साहेब, सासरा आणि नवरा यांच्याशी मे वेगवेगळ्या पट्टीत बोलते. शब्द कळले नाहीत तरी आवाज कुठे चढतो आणि कुठे मुद्दाम गोड होतो हे ऐकू येतं. मँडरिन पट्टीत तो आवाज दुसऱ्या कोणाचा तरी असतो.